वेष्टनावरील बारीक अक्षरे

गणेशचतुर्थी जवळ आली की मॉरिशसमधील मराठी घरांत ‘कारेम’ सुरू होतो. मांसमच्छी बंद होते, भांडी घासूनपुसून निराळी ठेवली जातात. हा समाज बाराही महिने शाकाहारी आहे असे कोणी म्हणत नाही. कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून आलेल्या पूर्वजांना मासळी प्रियच होती. परंतु व्रत हे दिलेले वचन होय, आणि म्हणूनच ते नकळत मोडणे अधिक बोचते. मोडते ते बहुधा चुलीपाशी नव्हे, दुकानातून आणलेल्या पुड्यात.

आरतीनंतर मुलांच्या हाती पडणाऱ्या लवचीक, रंगीत गोळ्याच पाहाव्यात. त्यांतील लवचीकपणा बहुतेक वेळा जेलाटिनचा असतो, आणि जेलाटिन म्हणजे गुरांची वा डुकरांची हाडे आणि कातडी उकळून काढलेले द्रव्य. फ्रेंच वेष्टनावर पुष्कळदा ‘जेलातीन बोव्हीन’ असे स्पष्ट छापलेले असते. बोव्हीन म्हणजे गोवंशाचे. डुकराचे नाही एवढ्यावर निश्चिंत होणाऱ्या हिंदू घराने हा दुसरा शब्दही वाचावयास हवा. हलालचा शिक्का आपल्या जागी योग्यच आहे, पण तो मुसलमान बांधवांच्या नियमासाठी आहे, गोमांस वर्ज्य मानणाऱ्यांसाठी नव्हे.

गोळ्यांचा व दह्याचा गुलाबी रंग ‘ई १२०’ असेल, तर तो निवडुंगावर वाढणारे कोशिनील किडे वाळवून केलेला असतो. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात. चीजसाठी दूध साकळवणारे रेनेट, म्हणजे फ्रेंचमधील ‘प्रेझ्यूर’, परंपरेने वासराच्या जठरातून घेतले जाते. पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजला तर तेच वापरण्याचे बंधन आहे. मात्र इतर अनेक चीजांसाठी आता सूक्ष्मजंतूंपासून मिळणारे रेनेट वापरतात. तेव्हा सरसकट सारे टाकण्याचे कारण नाही. भाज्या घालून परतलेल्या मिनांत ऑयस्टर सॉस पडला, तर त्या शाकाहारी राहत नाहीत, मग विक्रेता काहीही म्हणो.

यावर काही वडीलधारी बाजारच वर्ज्य करावयास सांगतात. हा अतिरेक होय. पोर्ट लुईच्या बाजारातील अलुडा परंपरेने अगार-अगारचा, म्हणजे समुद्रशेवाळाचा असतो. त्यातील दूध चालत नाही ते केवळ व्हेगन तरुणांना. साखरेची कथा तर विचार करावयास लावणारी आहे. ज्या उसापायी पूर्वजांनी घाम गाळला, तशा उसाची कच्ची साखर १९ व्या शतकात युरोपातील कारखान्यांत हाडांच्या कोळशातून गाळून शुभ्र केली जाई, आणि ती शुभ्रता प्रतिष्ठेची मानली जाई. मॉरिशसची तपकिरी मस्कोवाडो साखर अशा गाळणीतून जात नाही. घरची ही साखर सोडून पांढरीचा हट्ट का धरावा?

भारतात वेष्टित शाकाहारी पदार्थांवर हिरवा ठिपका छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तोही पुरेसा ठरला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, नुसते सांकेतिक क्रमांक देऊन भागणार नाही. घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, हे उघड लिहिले पाहिजे. ‘ई ४७१’ सारखा क्रमांक वनस्पतीच्या तेलाचाही असतो आणि प्राण्यांच्या चरबीचाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आदेशाचे महत्त्व पटते. मॉरिशसमधील आयातदारांकडे अशी मागणी एकट्या गृहिणीने केली तर कोण ऐकणार? मंडळांनी एकत्र येऊन पत्र लिहिले तर उत्तर द्यावे लागेल.

तोपर्यंत निदान प्रसादाची खरेदी तरी डोळसपणे व्हावी. शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी शिकणारी मुले ही बारीक अक्षरे आजीपेक्षा लवकर वाचतात. खरेदीस जाताना त्यांतील दोघांना बरोबर न्यावे. आणि जेथे क्रमांकाचा अर्थ लागत नाही, तेथे पुडा परत फळीवर ठेवून केळी, नारळ व घरचे मोदक आहेतच.