दारचा कढीपत्ता आणि मोरीचे पाणी

आठवडी बाजारात भाजी घेतली की कढीपत्त्याची एखादी डहाळी वरून पिशवीत पडावी, हा आपल्याकडील जुना रिवाज. उन्हाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागली की विकणाऱ्याचा हातही आखडतो आणि ही चार पाने आपल्याच दारी का लावू नयेत, असा विचार घरोघर सुरू होतो. विचार उत्तम आहे. परंतु अंबडसारख्या गावी खरा प्रश्न कुंडीचा वा मातीचा नसून पाण्याचा आहे.

पाण्याचे मोल या तालुक्याला कोणी शिकवावयास नको. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१२-१३ मध्ये तर जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. टँकरचे पाणी घालूनही अनेक बागा हाती लागल्या नाहीत. अशा मुलखात पुदिन्याच्या हौसेपायी पिण्याची घागर रिती करणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय ती घागर बहुधा घरातील स्त्रीनेच भरलेली असते.

मग हा नाद सोडून द्यावा काय? मुळीच नाही. आपल्या आज्यांनी याचे उत्तर केव्हाच शोधले होते. मोरीच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ असे; एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा कामी येई. ती हौस नव्हती, हिशेब होता. पुढे अंगणाला फरशी आली, मोरी गटाराला जोडली गेली आणि तो हिशेब आपण विसरलो.

तो पुन्हा मांडणे कठीण नाही. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी बादलीत धरावे; दोन-चार कुंड्यांना ते पुरते. साबणाचे पाणी मात्र कच्च्या खावयाच्या पानांना घालू नये. झाडांची निवडही विचाराने करावी. कढीपत्ता एकदा मूळ धरल्यावर फारसे मागत नाही. त्याचे बी मात्र ताजेच पेरावे, जुने उगवत नाही. गवती चहाचा एक ठोंब फोडून चार घरांत वाटता येतो. जाड पानांचा पानओवा नुसत्या फांदीवर जगतो. पुदिन्याला अर्धी सावली व ओल लागते. कोथिंबीर ही थंडीची सोबतीण. वैशाखात ती पानांऐवजी तुऱ्याकडे धावते. तेव्हा उन्हाळ्यात ती बाजारातूनच आणावी. तिच्यावर शेतकऱ्याचाही चार पैशांचा हक्क आहे.

शाळांतून परसबागा लावण्यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. हेतू स्तुत्य, पण मे महिन्याच्या सुट्टीत त्या बागांना पाणी कोण घालणार, हे आधी ठरले नाही, तर जूनमध्ये विद्यार्थ्यांना वाळलेले वाफेच पाहावे लागतील. शिक्षकांनी प्रथम धुण्याच्या पाण्याची वाट वाफ्याकडे वळवावी आणि मगच रोप लावावे. एवढा क्रम मुलांच्या मनावर ठसला तरी बाग सार्थकी लागली.

चार पानांनी घरखर्च फारसा उतरणार नाही, हे उघड आहे. परंतु वापरलेले पाणी टाकण्यापूर्वी ज्या घरात हात क्षणभर थबकतो, ते घर पुढच्या दुष्काळाला अधिक तयारीने सामोरे जाईल. दारच्या कढीपत्त्याचे खरे मोल फोडणीपुरते नाही, ते या सवयीत आहे.