टू बी ऑनेस्ट, बॉस!

सोमवारची मीटिंग. बॉस विचारतो, ‘फ्रायडेपर्यंत होईल ना?’ सगळ्या माना डोलतात. होणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पण बोलणार कोण? आणि इंग्लिशमध्ये बोलायचं तरी कसं?

आधी जरा गडचिरोलीत डोकावू. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तोही याच गावानं. इथली ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेते. एखाद्याला पटलं नाही, तर पुन्हा चर्चा. थोडक्यात, ‘नाही’ म्हणणारा तिथे व्हिलन ठरत नाही.

आता आपल्या कॉन्फरन्स रूममध्ये येऊ. डेडलाइन हुकणार असेल तर सरळ म्हणा, ‘आय विल बी अपफ्रंट विथ यू, वी वोन्ट मेक इट बाय फ्रायडे.’ अपफ्रंट म्हणजे कुणी खोदून विचारण्याआधीच सांगून टाकणं. बॉसचा प्लॅनच पटला नसेल, तर आधी परवानगी घ्या: ‘कॅन आय बी फ्रँक?’ नुसतं ‘फ्रँकली’ म्हणून सुरुवात केली, तर सूर चढा वाटतो. चूक आपलीच असेल तर दोन छोटी वाक्यं पुरतात: ‘आय मेस्ड अप. दॅट्स ऑन मी.’

आणि आपलं लाडकं ‘टू बी ऑनेस्ट’? चालेल, पण जपून. दर वाक्याला लावलंत, तर समोरच्याला वाटणार, बाकीच्या वेळी हा काय थापा मारत होता? हो, आणि उच्चार ‘ऑनेस्ट’च, ‘हॉनेस्ट’ नाही. म्हणूनच ‘अ’ नाही, ‘ॲन ऑनेस्ट आन्सर’.

आता दुसरी बाजू. कुणी आपल्याला खरं सांगितलं, तर आपण काय म्हणतो? ‘यू आर अ व्हेरी ऑनेस्ट पर्सन!’ हे शाळेतल्या चारित्र्याच्या दाखल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा ‘थँक्स फॉर बीइंग अपफ्रंट’ म्हणा. जरा फॉर्मल हवं असेल, तर ‘आय ॲप्रिशिएट युअर ऑनेस्टी’. आणि समोरच्यानं घाबरत घाबरत सांगितलं असेल, तर ‘आय नो दॅट वॉजन्ट इझी टू से’. या एका वाक्यानं त्याचा जीव भांड्यात पडेल.

फक्त एक पथ्य पाळा. ‘आय ॲप्रिशिएट युअर ऑनेस्टी’ म्हणायचं आणि अप्रेझलला त्याच माणसाचा हिशेब चुकता करायचा, असं केलंत तर पुढच्या सोमवारी पुन्हा सगळ्या माना डोलतील. मेंढ्याच्या ग्रामसभेत खरं बोललं जातं, कारण ते ऐकून घेतलं जातं. आपल्याकडे इंग्लिश आलंय. आता ऐकायची प्रॅक्टिस हवी.