संत्र्याचा कडवटपणा

1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याचीही राजधानी नागपूरच होती. त्यामुळे भिलाईच्या कॅम्प-1 मधील आम्हा मराठी मंडळींना नागपुरी संत्रे परप्रांतीय वाटत नाही. मात्र त्याच्या रसाची एक खोड आहे. ताजा रस गोड लागतो. काही तास ठेवला किंवा टिकवण्यासाठी तापवला की कडवट होतो. बिया व पापुद्र्यांतील एक चवहीन द्रव्य रसाच्या आम्लतेमुळे लिमोनिनमध्ये बदलते, हे त्याचे कारण. बी न चिरडता रस काढावा, तो विशिष्ट रेझिनमधून गाळावा, असे उपाय संशोधनाने दिले आहेत. (पहिला उपाय गृहिणींना सांगावा लागत नाही!)

लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच 1985 पासून आहे. फळाला मेणाचा पातळ लेप देणे, ते थंड साठवणे हे तंत्रही नवे नाही. तरीही आंबिया बहाराचा माल हिवाळ्यात एकदम बाजारात येतो आणि बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले की भाव कोसळतात. नाशवंत मालाचा पुरवठा त्या घडीला ताठर असतो. वाकतो तो भावच. दुर्गच्या टोमॅटोची कथा निराळी नाही.

माझ्या मते दोष प्रयोगशाळेचा नाही. लागवडीला अनुदान देणे प्रशासनाला सोपे जाते, कारण हेक्टर मोजता येतात. सडण्यापासून वाचलेल्या फळासाठी प्रपत्रात रकानाच नसतो. तो रकाना आधी छापावा, आणि त्यानुसार निधी बागेजवळच्या प्रतवारी-शीतगृहांकडे वळवावा.