चाकू नंतर घ्या, आधी म्यान

अंबाल्यात पोस्टिंग आहे तोवर एक सोय आहे. संक्रांतीला सुट्टी मिळाली की पहाटेची बस धरायची आणि पानिपत गाठायचं. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईच्या आठवणीला काला अंबच्या स्मारकावर त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसं येतात. जीटी रोडवर धुकं असं असतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसला तरी हायसं वाटतं. स्मारकावर मात्र भगवे फेटे, घोषणा, हरियाणातले रोड मराठे आणि आपल्याकडून आलेली बसभर पोरं.

यावेळी त्या पोरांत आमच्याच सातारा तालुक्यातला एकजण भेटला. ओळख निघाली, चहा झाला, मग तो हळूच म्हणाला, "मेजर, एक वस्तू दाखवू?" (मी हवालदार आहे. गावाकडे फौजेतल्या प्रत्येकालाच मेजर म्हणतात. दुरुस्त करायचं मी केव्हाच सोडलंय.) त्याने जीन्सच्या पुढच्या खिशातून चाकू काढला. वाटेत ढाब्याशेजारच्या दुकानातून घेतलेला. न मिटणारा, चार इंचांचं पातं, चकाचक.

"कसा आहे?"

मी चाकू पाहिलाच नाही. कव्हर पाहिलं. काळ्या नायलॉनची पातळ पिशवी, वर बटणाची एक पट्टी. तळाची शिवण उसवलेली आणि त्यातून पात्याचं टोक गव्हाच्या दाण्याएवढं बाहेर आलेलं. हे घेऊन हा पठ्ठ्या बसमध्ये मांडीवर मांडी टाकून इथवर आला होता.

माझा चेहरा बदललेला त्याला दिसला. त्याचं कारण तेव्हा सांगितलं नाही, इथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही ईशान्येत होतो. आमच्या सेक्शनमधल्या एका नाईकाने बाजारातून तीन इंची पात्याचा छोटा चाकू घेतला. दोरी कापायला, डबे फोडायला, बांबू सोलायला. फौजेचा मिटणारा चाकू असतो, पण चिखल आणि गंज लागला की तो नखाने उघडत बसावं लागतं. न मिटणाऱ्या चाकूला सांधाच नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. चाकूला म्यान नव्हतं. मी म्हटलं, दे इकडे, करून देतो. रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, दुहेरी घडी घातली, वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. छान दिसत होतं. पंधरा दिवस चाललंही.

पावसात पुठ्ठा मऊ पडला. गश्तीवर निघताना तो गाडीच्या टेलबोर्डवरून उडी मारून उतरला. खिशात चाकू आडवा झाला होता. मूठ कंबरेच्या पट्ट्याखाली अडकली आणि टोक पुठ्ठा फोडून मांडीत दोन बोटं गेलं. बाहेरच्या बाजूला गेलं म्हणून वाचला. नर्सिंग असिस्टंटने पट्टी बांधता बांधता मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवून दाखवलं, "मोठी नस इथून जाते." पुढे काही बोलला नाही. नाईकाचा प्रमोशन कॅडर त्याच महिन्यात होता, तो हुकला आणि माणूस मागे पडला. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण ते कव्हर मी केलं होतं.

तेव्हापासून कोणी "कुठला चाकू घेऊ?" असं विचारलं की मी विचारतो, "म्यान कसलं आहे?" लोकांना हा विषय टाळल्यासारखं वाटतं. चाकूबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं: पोलाद, धार, मूठ, किंमत. म्यान फुकट मिळतं, म्हणून त्याला कोणी मोजत नाही. खरं तर छोटा चाकू दिवसातून पाच मिनिटं हातात असतो आणि उरलेले सोळा तास म्यानात, म्हणजे तुमच्या अंगाला चिकटून.

दुसरी एक चुकीची समजूत व्हिडिओ बघून आलेली आहे, ती म्हणजे चाकू झटकन निघाला पाहिजे. कशासाठी? तुम्ही बोरीची पोती उघडणार, कलमाची फांदी छाटणार, पार्सल फोडणार. एका सेकंदाऐवजी तीन सेकंद लागले तर काय बिघडतं? माझं स्पष्ट मत आहे की खिशातल्या चाकूचं म्यान सावकाश सोडणारंच असावं. आणि काढण्यापेक्षा परत घालण्याचा विचार जास्त करावा. हात मी बहुतेक वेळा परत घालतानाच कापलेले पाहिलेत: काम संपलेलं असतं, लक्ष दुसरीकडे असतं, म्यानाचं तोंड मिटलेलं असतं आणि टोक तळहातात जातं. नायलॉनच्या पिशवीचा सगळ्यात मोठा दोष हाच. चाकू काढला की ती पिचकते.

जुन्या लोकांना हे कळत होतं. तलवारीच्या म्यानाला तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ बसवत, ती नुसती शोभेला नव्हती. तोंड उघडं राहावं आणि टोक बाहेर येऊ नये, ही दोन कामं त्यांची. आपल्याकडे जिनगर लोक खोगिरांबरोबर म्यानंही करत. म्हणजे तो वेगळा हुन्नर होता, लोहाराने जाता जाता करून द्यायचं काम नव्हतं. गोरखा पलटणीतल्या मित्राची खुकरी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्याने आधी माझी बोटं सरळ केली. म्यानाला मूठभरून पकडायचं नाही, पाठीच्या बाजूने धरायचं, कारण खेचताना धार म्यानाची शिवण कापून बाहेर येऊ शकते. भरतीच्या पहिल्या दिवसांत त्याला हे शिकवलं होतं, काढायचं कसं हे नंतर. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. त्याच्या म्यानात तीन पाती होती. मोठी खुकरी, आणि मागच्या बाजूला छोटी कर्दा नि बोथट चकमक, प्रत्येकीला आपापला कप्पा.

आणि आपला बिचवा? २०२४ साली लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा घरचे सगळे बघायला गेले होते. प्रतापगडाची गोष्ट, १० नोव्हेंबर १६५९, आपल्या पोरापोराला पाठ आहे. बाहीतल्या बिचव्यापर्यंत सगळे येतात आणि पुढे खानाकडे वळतात. मी मात्र त्या बाहीपाशीच थांबतो. गड उतरून यायचं, शामियान्यात शिरायचं, आलिंगन द्यायचं, आणि तोवर स्वतःच्या दंडाला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, ही व्यवस्था केल्याशिवाय कुठलं पातं बाहीत राहील?

घरातली उदाहरणंही कमी नाहीत. आजोबांच्या चंचीत अडकित्त्याला स्वतःचा कप्पा होता, पान आणि चुना वेगळीकडे. आई विळी वापरून झाली की पातं मिटवून, भिंतीकडे तोंड करून ठेवायची, कितीही घाई असली तरी. पानिपतला परदेशातले जुने कपडे येतात आणि त्यांचं सूत होऊन पुन्हा ब्लँकेटं निघतात, हे बहुतेकांना ठाऊक असेल. तिथल्या बायका उभ्या पात्यासमोर बसून कोटांच्या चेन आणि बटणं उडवतात, अगदी आपल्या विळीसारखं. पातं जागचं हलत नाही, कापड हलतं. चाकू खिशात घालून फिरणाऱ्याला ही चैन नाही.

तर त्या पोराला घेऊन मी काला अंबहून शहरात आलो आणि बाजारात एक म्हातारे मोची गाठले. त्यांनी आयुष्यात चाकूचं म्यान केलं नव्हतं. पण चामडं त्यांना कळत होतं, बाकीचं मी सांगत गेलो.

पहिली गोष्ट, चामडं. बुटाच्या वरचं मऊ, क्रोमने कमावलेलं चामडं नको; ते आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. झाडाच्या सालीने कमावलेलं, तळव्याला वापरतात तसलं कडक, तीन मिलिमीटरचं. दुसरी गोष्ट, जिच्यावर मी अडून बसतो: दोन थरांच्या मध्ये धारेच्या बाजूने चामड्याचीच एक पट्टी. ही पट्टी नसेल तर धार थेट दोऱ्यावर घासते आणि महिन्याभरात शिवण कापते. मोच्यांनी ऐकलं, पातं बोटावर घासून पाहिलं आणि म्हणाले, "फिर तो दो पट्टी लगाओ." लावल्या. शिवण त्यांनी दोन सुयांची घातली, एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. टोकाशी तांब्याचे दोन रिव्हेट.

आकाराबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक चाकूच्याच आकाराचं निमुळतं म्यान करतात. पट्ट्याला अडकवायचं असेल तर ठीक. खिशात ते फिरतं, आडवं होतं, आणि आमच्या नाईकाचं झालं तेच होतं. खिशासाठी म्यान पाकिटासारखं रुंद आणि चपटं हवं, खिशाच्या रुंदीला जवळपास भिडणारं, म्हणजे ते वळूच शकत नाही. उजव्या खिशात धार बाहेरच्या शिवणीकडे, पाठ मांडीच्या आतल्या बाजूला. ती मोठी नस विसरू नका. मागच्या खिशात कधीच नाही. माणूस दिवसातून वीस वेळा बसतो. वरच्या कोपऱ्यात एक भोक आणि त्यातून पट्ट्याच्या लूपला पॅराशूटच्या दोरीचा तुकडा, म्हणजे चाकू खेचला की म्यान खिशातच राहतं, चाकूबरोबर बाहेर येत नाही. शिवून झाल्यावर म्यान कोमट पाण्यात भिजवायचं, चाकूला प्लास्टिक गुंडाळून आत घालायचं, मुठीच्या गळ्यापाशी अंगठ्याने दाबून आकार द्यायचा आणि सावलीत वाळू द्यायचं. पकड तिथे तयार होते, बटणाच्या पट्टीने नाही. वाळल्यावर म्यान उलटं धरून गादीवर जोरात झटकायचं. चाकू पडला तर पुन्हा भिजवायचं.

कोकणातले किंवा ईशान्येतले वाचक म्हणतील, चामड्याला बुरशी येते. येते. ओल धरून ठेवते आणि पातंही डागाळते, म्हणून घरी आल्यावर चाकू बाहेर काढून ठेवावा. पावसाळी मुलखात प्लास्टिक बरं. कायडेक्स म्हणून जे विकतात ते तापवून आकार देण्याचं प्लास्टिक आहे. महाग वाटलं तर नळाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून, तापवून सपाट करा, मऊ असतानाच चाकूभोवती दोन फळ्यांत दाबा. पात्याला आधी टेपचा एक थर द्या म्हणजे आत जागा राहते. उघड्यावर करा आणि पाइप जळू देऊ नका, धूर फार वाईट. तळाला पाणी निघायला भोक ठेवा. दिसायला ओबडधोबड होतं, पण मी पुढे त्या नाईकाला असंच करून दिलं आणि तो ते अजून वापरतो.

राहिला कायदा. मी वकील नाही, पण प्रत्येक चाकूवाल्याला एवढं ठाऊक असावं. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांतल्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाती मोजली आहेत, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. यावरून लोक समजतात की त्याखालचं सगळं कुठेही चालतं. तसं नाही. दिल्लीत खटक्याच्या आणि बटणाच्या चाकूंसाठी फार आखूड मापाची वेगळी अधिसूचना आहे. विमानाच्या केबिनमध्ये आणि मेट्रोत नियम आणखी निराळे. शिवाय कागदावरचं माप एक आणि रात्री फलाटावर तुमचा खिसा चाचपणाऱ्या शिपायाची नजर एक. शेतातला चाकू शेतात, गश्तीचा गश्तीवर. शहरात गर्दीत जाताना तो खिशात असण्याचं काही कारण मला तरी सुचत नाही.

मोच्यांनी दीड तास घेतला आणि अडीचशे रुपये मागितले. मी तीनशे दिले. पोरगं खूश. म्यान ओलंच होतं, चाकू त्यात घालून त्याने खिशाकडे हात नेला.

"गाडी कुठून आहे?" मी विचारलं.

"रात्री निजामुद्दीनहून."

तारीख १४ जानेवारी. दिल्लीत २६ तारखेचा बंदोबस्त लागलेला, प्रत्येक स्टेशनवर तपासणी. त्याचा चाकू खटक्याचा नव्हता, मान्य. पण हे तिथे कोण कोणाला समजावणार, आणि गाडी तोवर थांबणार आहे का?

शेवटी चाकू माझ्याकडे ठेवून घेतला. माझ्या ट्रंकेत, जुन्या मफलरमध्ये गुंडाळून आहे. पोस्टिंग संपली की सामानाबरोबर साताऱ्याला पोचता करीन, असं कबूल केलंय. चाकूच्या जागी म्यानात आकार टिकायला मोच्यांनी लाकडाची एक चपटी पाचर तासून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. पोरगं नुसतं म्यान खिशात घालून दिल्लीच्या बसमध्ये चढलं. परवा फोन आला होता, चामडं वाळून घट्ट झालंय म्हणाला.