सामाईक विहीर आणि चिपमधले घड्याळ

यंदा गणपतीला भाचा पुण्याहून आला तो लॅपटॉप आणि तळहाताएवढा एक बोर्ड घेऊनच. आरती झाली, मोदक झाले, की हा ओटीवर त्यात डोके घालून बसायचा. "अरे, अडलंय काय एवढं?" म्हटले, तर म्हणतो, "आत्या, बोर्ड मधेच गप्प होतो. चूक काय तेही सांगत नाही." चुकीचे उत्तर देणारा विद्यार्थी परवडतो, गप्प बसणारा अवघड, हे मला पटकन कळले. मग त्याच्याकडून सगळे समजून घेतले. थोडक्यात सांगते.

चिपमध्ये प्रत्येक विभागाची स्वतःची रजिस्टरे असतात, म्हणजे सेटिंगचे कप्पे. पण काही किरकोळ सेटिंगे सगळ्यांची मिळून एकाच सामाईक कपाटात ठेवलेली असतात. लिनक्समध्ये याला सिस्कॉन म्हणतात. २०१२ साली ते आले. या कपाटाला घड्याळाचे ठोके मिळत असतील तरच ते उघडते. ठोके बंद ठेवले की वीज वाचते. म्हणून लिनक्स सुरू होता होता, ज्या घड्याळावर कोणीच हक्क सांगितला नाही ते बंद करून टाकतो. भाच्याच्या बोर्डावर ते घड्याळ आधीच्या बूटलोडरने चालू ठेवले होते, म्हणून सुरुवातीला सगळे सुरळीत. पुढे ते बंद झाले, आणि एका ड्रायव्हरने कपाट उघडायला हात घातला. उत्तर येईना, प्रोसेसर वाट बघत तसाच उभा!

मला आमची विहीर आठवली. सातबाऱ्यावर सामाईक, घरे चार, पंप एक. ज्याचा हौद भरला तो बटण बंद करून जायचा आणि बाकीचे कोरडे. रोज कुरबुर. मग कोणी कंटाळून पंप चालूच ठेवायचे, की पाणी गटारात आणि बिल सगळ्यांच्या माथी. शेवटी खुंटीवर चार पाट्या लावल्या. पाणी घ्यायला आलात की आपली पाटी उलटी करा, झाले की सुलटी. सगळ्या सुलट्या झाल्या की शेवटच्याने बटण बंद करायचे. भांडण संपले.

लिनक्समध्येही नेमकी हीच मोजणी आहे. कितीजणांनी घड्याळ मागितले ते मोजतात आणि शेवटचा गेला की बंद करतात. पण भाच्याचा सहकारी म्हणे, सुरू करताना 'क्लॉक इग्नोर अनयूज्ड' असे लिही, म्हणजे कुठलेच घड्याळ बंद होणार नाही. दुसरा म्हणतो, प्रत्येक ड्रायव्हरने आपापले बघावे.

मला दोन्ही पटत नाही. पहिले म्हणजे पंप चालूच ठेवणे. दोष शोधायला एखाद्या दिवशी ठीक, घरोघरी पाठवायच्या यंत्रात नाही. दुसऱ्यात एकजण विसरला की सगळे अडकतात. कपाट सामाईक, तर किल्ली कपाटालाच हवी. सिस्कॉनच्या वर्णनातच घड्याळ लिहावे, म्हणजे प्रत्येक वाचन-लेखनापुरते ते आपोआप चालू होते आणि काम झाले की सुटते. तशी सोय लिनक्समध्ये आता आहे.

भाच्याने एक अडचण दाखवली, ती खरी आहे. एखाद्या भागाला सेटिंग लिहून झाल्यावरही ठोके लागत असतील, तर त्याने आपली पाटी स्वतः उलटी ठेवलीच पाहिजे. कपाटाने दार उघडून द्यावे, कोणाचे काम किती वेळ चालेल ते त्याने ओळखावे अशी अपेक्षा नको.

विसर्जनाच्या आदल्या रात्री बोर्ड बोलू लागला. वर्णनात एकच ओळ राहिली होती. सामाईक गोष्ट बिघडते ती बहुधा कोणाच्या वाईटपणामुळे नाही, तिची जबाबदारी कुठेच लिहिलेली नसते म्हणून. आमच्या खुंटीवरच्या पाट्या अजून आहेत. रत्नागिरीला आलात तर दाखवीन.