घरातला हुकूम आणि उमेदवाराचा अर्ज

मा. राज्य निवडणूक आयुक्त,
राज्य निवडणूक आयोग, महाराष्ट्र, मुंबई



ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर माणसाला आपल्या घराचं दार आधी सरकारपुढे उघडावं लागतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उमेदवारी बाद. घरात शौचालय नसेल, किंवा असूनही वापरात नसेल, तर बाद. मागणी येऊनही घरपट्टी भरली नसेल तर बाद. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर बाद, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असंही ठरवलं की अतिक्रमण घरच्या माणसांनी केलेलं असलं तरी सदस्यत्व जाऊ शकतं.

म्हणजे मुलं किती, संडास कुठे, पाण्याची पट्टी भरली का, हे सगळं या राज्यात मतदाराच्या कामाचं ठरलेलं आहे. त्या मुलांच्या आईला घरात कसं वागवलं जातं, एवढंच आपला अर्ज विचारत नाही. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. माझी बरीचशी कामं कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची असतात. संसदेने हा कायदा २००५ मध्ये केला, ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्याखाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला बायकोपासून दूर राहायला सांगू शकतात, तिला राहत्या घरातून काढू नको असा हुकूम देऊ शकतात, तिचा आणि मुलांचा खर्च ठरवून देऊ शकतात. पण हा अर्ज दिवाणी स्वरूपाचा मानला जातो. त्याचा हुकूम म्हणजे शिक्षा नव्हे, म्हणून उमेदवाराच्या शपथपत्रातल्या फौजदारी गुन्ह्यांच्या रकान्यात तो कुठेच बसत नाही. बायकोवर हात उगारायचा नाही असं ज्याला न्यायालयाने लेखी बजावलं आहे, तो माणूस त्या रकान्यात ‘निरंक’ लिहितो, आणि ते खरं असतं. खोटं शपथपत्र दिलं म्हणून त्याला कुणी धरूही शकत नाही.

आमच्याकडे तहसील कचेरी आणि न्यायालय एकाच आवारात आहेत. अर्ज भरायच्या दिवसांत तिथे जत्रेसारखी गर्दी असते. झेरॉक्सवाल्यापुढे रांग, हातात पारदर्शक फोल्डर, त्यात घरपट्टीची पावती, पाणीपट्टीची पावती, शौचालयाचा दाखला, अपत्यांचं घोषणापत्र. एखादा कागद राहिला की माणूस मोटारसायकलवरून गावाकडे पळतो, ग्रामसेवकाला गाठतो. अशाच एका निवडणुकीत माझ्या एका अशिलाचा नवरा त्या रांगेत होता. ती पलीकडे कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. वर्षभराची पोटगी थकली होती आणि वसुलीच्या अर्जाची तारीख नेमकी त्याच दिवशी होती. तो कोर्टात आला नाही, त्याच्या वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली. छाननीत त्याचा अर्ज वैध ठरला. पंचायतीची एक रुपयाचीही थकबाकी त्याच्याकडे नव्हती.

तो निवडून आला. पुढे त्या बाईला घराच्या उताऱ्यावर आपलं नाव लावून घ्यायचं होतं. असा अर्ज ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत येतो, त्यावर ठराव होतो. ठराव करणाऱ्यांत तो बसलेला. विषय पुढच्या सभेवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या.

‘माणसाचं खासगी आयुष्य खासगी असू द्यावं, त्याने रस्ता केला का, पाणी आणलं का, एवढंच मतदाराने पाहावं’ हे वाक्य मी अनेक शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मुंबई-दिल्लीच्या राजकारणात ते कदाचित शोभत असेल. गावात सरपंच आणि सदस्य यांची सत्ता थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव, उताऱ्यावर कुणाचं नाव, हे त्यांच्या सह्यांनी ठरतं. टाकून दिलेल्या बाईला निराधार योजनेचे पैसे हवे असतील तर तिची फिरफिर पंचायतीपासूनच सुरू होते. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून नवराबायकोची भांडणंही गावच्या समितीपुढे येऊ लागली. तिथे पुढाऱ्याच्या शब्दाला वजन असतं. घरात मारणारा माणूस त्या समितीच्या सतरंजीवर बसून दुसऱ्याच्या बायकोला ‘मिटवून घे’ म्हणतो, तेव्हा त्यातलं खासगी काय उरलं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण चारपैकी एका विवाहित स्त्रीने नवऱ्याकडून मारहाण वा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. या बायका मतदार आहेत. तक्रार घेऊन गेलो तर समोर कोण बसलेला असेल, हे मत देण्याआधी जाणण्याचा त्यांना हक्क आहे.

आणि कुठे थांबायचं, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचं आहे. कुणाचं कुणावर प्रेम आहे, कुणाचा घटस्फोट झाला, कोण लग्नाशिवाय कुणाबरोबर राहतं, कुणाचा दुसरा घरोबा आहे, कोण संध्याकाळी पितो, यातलं काहीही आपण विचारू नये. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेल्या गोष्टी मतदाराच्या नाहीत. त्या विचारायला लागलो की पहिला बळी बाईचाच जाणार, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. एकटी राहणारी, नवऱ्याने सोडलेली बाई अर्ज भरते, तेव्हा विरोधकांना दुसरं काही शोधावंच लागत नाही. ती कुणाच्या गाडीवरून आली, रात्री तिच्या घरी दिवा किती वाजेपर्यंत होता, यावर प्रचार होतो. पुरुषाच्या बाबतीत असलं काही बाहेर आलं तर पारावर दोन दिवस हसतात आणि मतं त्यालाच देतात.

सर्वोच्च न्यायालयानेही उमेदवाराच्या खासगीपणाला मान दिला आहे. अरुणाचल प्रदेशातल्या तेजू मतदारसंघाच्या आमदाराने २०१९ मध्ये एक स्कूटी, एक ओम्नी व्हॅन आणि एक मोटारसायकल शपथपत्रात दाखवली नाही म्हणून त्यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती. ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली आणि म्हटलं की मतदाराच्या कामाच्या नसलेल्या गोष्टींबाबत उमेदवारालाही खासगीपणाचा अधिकार आहे. मला हा निकाल पटतो. त्यातूनच पुढचा प्रश्न येतो: मतदाराच्या कामाचं काय? माझं उत्तर सरळ आहे. आपल्या ताब्यातल्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसावर ज्याने बळ चालवलं, त्याची ती वागणूक मतदाराच्या कामाची आहे, कारण मत देऊन आपण त्याच्या हाती आणखी माणसं सोपवत असतो.

मतदारापर्यंत अशी माहिती पोचायला सरळ वाट नसली की ती कशी पोचते, ते शेजारच्या कर्नाटकाने २०२४ मध्ये पाहिलं. हासनचे तेव्हाचे खासदार प्रज्वल रेवण्णा. त्यांची २०१९ ची निवड कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द केली होती, तीही मालमत्ता दडवल्यावरून. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ते खासदार राहिले आणि पुन्हा उभे राहिले. म्हणजे त्यांच्या शपथपत्राची छाननी झाली नव्हती असं नाही. पैशांच्या रकान्यांची झाली. २६ एप्रिलच्या मतदानाच्या तोंडावर हासनभर पेन ड्राइव्ह पसरले. त्यात स्त्रियांवरच्या अत्याचारांची चित्रणं होती, आणि त्या स्त्रियांचे चेहरे झाकलेले नव्हते. मतदान झालं, रेवण्णा परदेशी निघून गेले, निकालात सुमारे ४२ हजार मतांनी हरले. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने घरकाम करणाऱ्या एका स्त्रीवरील बलात्काराबद्दल त्यांना जन्मठेप दिली. मतदाराला कळलं खरं, पण कळण्याची किंमत त्या बायकांनी मोजली. आपलीच अब्रू बसस्टँडवर पडलेली पाहून त्यांतल्या किती जणींनी गाव सोडलं असेल, याचा विचार पेन ड्राइव्ह वाटणाऱ्याने केला नाही.

आपल्याकडेही जुलै २०२३ मध्ये एका नेत्याच्या खासगी चित्रफितींचा पेन ड्राइव्ह विधान परिषदेत दिला गेला, त्याआधी त्या चित्रफिती एका वृत्तवाहिनीवर झळकल्या होत्या. त्यात कुणावर बळजबरी झाली असेल तर पोलिसांनी छडा लावावा. झाली नसेल तर त्या चित्रफिती दाखवणाऱ्याने मतदाराची कुठलीच सेवा केली नाही. बिछान्यातलं दृश्य घरोघर पोचतं आणि न्यायदंडाधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी दिलेला हुकूम फायलीत पडून राहतो, ही उलटी तऱ्हा आपल्या आयोगाला बदलता येईल.

कायद्यात याचं बीज आधीच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमात ज्या गुन्ह्यांत नुसती दोषसिद्धी झाली तरी अपात्रता येते, शिक्षा किती हे पाहिलंच जात नाही, त्यांत जुन्या भारतीय दंडविधानाचं कलम ४९८ अ, म्हणजे नवऱ्याने वा सासरच्यांनी केलेला छळ, आहे. बायकोचा छळ करणारा लोकप्रतिनिधी व्हायला लायक नाही, असं संसदेने फार पूर्वी ठरवून ठेवलं आहे. पण दोषसिद्धीला वर्षानुवर्षं लागतात, आणि पुष्कळ बायकांना नवऱ्याला तुरुंगात घालायचंच नसतं. त्यांना मार थांबवायचा असतो, डोक्यावर छप्पर हवं असतं. त्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याकडे येतात, आणि नेमका तिथला हुकूम मतदाराला दिसत नाही.

‘खोट्या तक्रारी होतील, निवडणूक आली की बायकोला पुढे करून विरोधक अर्ज टाकतील’ ही हरकत मी उडवून लावत नाही. अर्ज टाकला एवढ्यावरून कुणाचं नाव खराब होऊ नये. म्हणून माझं मागणं दोन्ही बाजू ऐकून दिलेल्या अंतिम हुकमापुरतंच आहे. एकतर्फी अंतरिम हुकूम त्यात नको. अपील चालू असेल तर तसं लिहिण्याची सोय उमेदवाराला द्यावी, हुकूम रद्द झाला असेल तर तो लिहूच नये. शिवाय मी अपात्रता मागतच नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागेल, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. आयोगाने फक्त विचारावं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची माहिती मिळण्याचा हक्क मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला. पुढच्याच वर्षी, संसदेने तो आवळायला केलेली दुरुस्तीही त्याच न्यायालयाने रद्द केली. स्थानिक निवडणुकांपुरते आपले अधिकार केंद्रीय आयोगाइतकेच आहेत, असं २००६ मध्ये घटनापीठाने सांगितलं आहे. २०१७ मध्ये आपल्याच आयोगाने उमेदवारांच्या शपथपत्रांचा गोषवारा मतदान केंद्रांबाहेर लावला होता. लोक थांबून वाचत होते.

‘गावात सगळ्यांना सगळं ठाऊकच असतं, रकाना कशाला?’ असं एका ज्येष्ठ वकिलांनी मला विचारलं. जिल्हा परिषदेच्या गटात वा महापालिकेच्या प्रभागात ते ठाऊक नसतं, ही एक गोष्ट. गावातही ठाऊक असतं ते कुजबुजीतून, आणि कुजबुज फिरून शेवटी बाईवरच येते: हीच भांडकुदळ असेल, हिचंच काहीतरी असेल. न्यायालयाने दोघांचं ऐकून काय ठरवलं, हे कागदावर आलं तर निदान त्या बोलण्याला आडकाठी होईल. सगळं कळूनही लोक त्याला मत देतील का? काही जण देतील. तो त्यांचा अधिकार आहे.

राखीव जागेवरून बायको सरपंच होते आणि कारभार नवरा पाहतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे अर्ज तिचा असतो आणि मारणारा तो असतो. अशा घरात तिला स्वतःविषयी काही लिहायला लावू नये. रकाना फक्त ज्याच्या विरुद्ध हुकूम आहे त्या उमेदवारासाठी असावा. पीडितेला तिच्याच अर्जात त्याबद्दल एक अक्षरही भरावं लागू नये.

मला हव्या आहेत त्या दोन ओळी अशा: ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये माझ्याविरुद्ध सुनावणीअंती झालेला अंतिम आदेश: आहे / नाही; अपील प्रलंबित: आहे / नाही’ आणि ‘न्यायालयाने ठरवून दिलेल्या पोटगीची आजची थकबाकी’. विधानसभा-लोकसभेचा उमेदवार सरकारी बंगल्याचं भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची थकबाकी वेगळी लिहून देतो. पोटगीसाठी एक ओळ जड होऊ नये.

आणि एक काळजी, जिच्याशिवाय हा रकाना सुरूच करू नये. फलकावर किंवा संकेतस्थळावर त्या स्त्रीचं नाव, गाव, मुलांचा उल्लेख, इतकंच काय प्रकरणाचा क्रमांकही येता कामा नये. क्रमांक टाकला की न्यायालयाच्या संकेतस्थळावर तिचं नाव अर्ध्या मिनिटात निघतं. हुकमाची प्रमाणित प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे बंद लिफाफ्यात राहावी, छाननीपुरती त्यांनीच ती पाहावी. बाहेर फक्त तारीख, न्यायालय आणि हुकमाचा प्रकार यावा. असा नमुना मी आणि माझ्या दोन सहकारी वकिलांनी तयार केला आहे, तो या पत्रासोबत आयोगाच्या कार्यालयात पाठवते आहे. पुढच्या निवडणुकीची अधिसूचना निघण्यापूर्वी त्यावर लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
तालुका न्यायालयातील एक वकील