लवकीचं काय करायचं?

अमरावतीच्या अंगणातल्या एका वेलाला यंदा इतक्या लवक्या (म्हणजे तुमचा दुधी, पुणेकर!) लागल्यात की अकोल्याच्या ताईनं फोन उचलणंच सोडलंय. ताई, वाचतेयस ना? कोफ्ते, हलवा, सालीची चटणी, सगळं झालं. माझं मत विचाराल तर चूक वेलाची नाही. "अजून थोडी वाढू दे" म्हणत आपणच ती जून करतो आणि मग लोकांना वाटतो. द्यायची तर नख रुतेल अशी कोवळी द्यावी.

आणि चिरताना एक फोड चाखावीच. २०१० साली कडू दुधीचा रस पिऊन दिल्लीत एक शास्त्रज्ञ दगावले होते. परवा आमचीही एक कडू निघाली. "गूळ टाकून पाय ना वं, वाया काहून घालवतं?" आई म्हणाली. शिजवून, गूळ घालून ते विष जात नाही. मी फेकली. आई अजून बोलत नाहीये.